देवाच्या जागेवरून

देवळात गेलं की सगळ्या माणसांची तोंडं एकीकडे असतात. खांबेटे सरांचं तेवढं दुसरीकडे असे. गर्दी देवाकडे बघत असायची आणि सर देवाला पाठ करून, गुडघे वाकवून, डोळ्याला कॅमेरा लावून गर्दीकडे. सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना 'उलटे खांबेटे' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी तोंडावरच तसं म्हणालं, तर सर म्हणाले, "बरोबर आहे. सुलटे तुम्ही बरेच जण आहात, एखादा उलटा चालून जाईल."

सर गेले त्याला आता वर्ष व्हायला आलं. त्याच्या आधीच बँकेनं माझी हाँगकाँगला बदली केली होती, त्यामुळे ती बातमी मला त्यांच्या बायकोच्या, उषाकाकूंच्या फोनवरून कळली. फोन ठेवल्यावर मी त्यांचा चेहरा आठवायला लागले तर चेहरा येईना. आली ती त्यांची बसण्याची पद्धत.

तांजोंग पगारला आमच्या बँकेत ते इंटर्नल ऑडिटचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लागले होते. उंच, काटकुळे, शर्ट कायम खोचलेला. जेवायच्या सुट्टीत सगळे हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, जात तेव्हा सरही येत, पण स्टीलच्या डब्यातला दहीभात घेऊन. शेजारी बिनदुधाची कडक कॉफी. दहीभातावर कॉफी पिणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. "पोटात सगळं एकच होतं," असं म्हणून ते विषय संपवत.

ऑडिटर म्हणजे चुका काढणारा, असा माझा समज. सरांनी पहिल्याच आठवड्यात तो मोडला. एका विभागातली एक चिनी मुलगी दुपारच्या कामात सारखी चुकत होती. मी मोठ्या तोऱ्यात अहवाल लिहून नेला. सरांनी तो वाचलाच नाही. म्हणाले, "तिच्या खुर्चीत बसून आलीस का?"

"खुर्चीत कशाला, सर? चुका तर समोर दिसतायत."

"तुला दिसतायत. तिला काय दिसतं ते बघून ये."

तिच्यापाशी मला घेऊन गेले, तिची परवानगी काढली आणि मला तिच्या जागेवर बसवून स्वतः मागे उभे राहिले. जेवणानंतरची वेळ होती. समोरच्या काचेच्या इमारतीवरून ऊन उडी मारून थेट तिच्या स्क्रीनवर येत होतं. आकडे दिसतच नव्हते. ती बिचारी भिडस्त, कुणाला बोलली नव्हती. अहवालात सरांनी एकच सूचना लिहिली, खिडकीला पडदा लावावा. त्यानंतर ती मुलगी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

सरांची ही खोड साऱ्या बँकेत प्रसिद्ध होती. ऑडिटला आले की आधी खुर्ची मागणार. एका बड्या साहेबानं हसत हसत विचारलंही होतं, "मिस्टर खांबेटे, यू वॉन्ट माय जॉब ऑर माय चेअर?" सर म्हणाले, "ओन्ली द व्ह्यू."

पण हा ऑफिसातला माणूस झाला. दुसरा माणूस मला भेटला तो क्वीन्सटाउनला.

मी तिथे भाड्यानं फ्लॅट घेतला होता. सरांचा ब्लॉक जवळच आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी सकाळी कोथिंबीर आणायला निघाले, तर कारपार्कच्या मागच्या मोठ्या झाडाखाली एक माणूस जमिनीवर बसलेला. बुंध्याला टेकून पाय पसरलेले, पायांत मोजे आणि मोज्यांवर सँडल, डोक्यावर कापडी टोपी. त्याच्या दोन्ही बाजूंना देव. मोडक्या हाताची क्वान यिन देवी, लाल चेहऱ्याचा कुणी दाढीवाला सेनापती, पोट सुटलेले दोन-तीन हसरे देव, आणि सोंडेचा टवका उडालेला आपला गणपती. त्या रांगेत हा माणूस असा बसला होता की त्यालाही कुणीतरी घर बदलताना तिथे ठेवून गेलंय असं वाटावं.

"सर?"

"हलू नकोस. फ्रेममध्ये आलीस." मग कॅमेऱ्याआडून, अंगठ्यानं खांद्यावरून देवांकडे खूण करत म्हणाले, "आता आलीस तर आलीस. यांनाही तू दिसतेच आहेस."

सिंगापुरात घरं बदलताना किंवा म्हातारी माणसं गेल्यावर त्यांचे देव कुणी कचऱ्यात टाकत नाही. झाडाखाली आणून ठेवतात. मग कुणीतरी त्यांच्यापुढे उदबत्ती लावतं, कुणी संत्री ठेवतं. या झाडाखालच्या देवांचं एक चिनी आंटी करत असे. पाठीत वाकलेली, फुलाफुलांचा पायजमा, हातात खराटा. मी पाहिलं तेव्हा ती सरांच्या पायांभोवतीची पानं झाडत होती. त्यांना उठायला न सांगता.

"एव्हरी वीक कम," ती माझ्याकडे तक्रार केल्यासारखी म्हणाली. "सिट, सिट, सिट. नेव्हर प्रे."

"आय ओन्ली लुक, आंटी," सर म्हणाले.

आंटीनं खराटा थांबवून थोडा विचार केला. "लुक ऑल्सो कॅन," ती म्हणाली, आणि पुढे झाडायला लागली.

नुसतं बघितलं तरी चालतं, हे तिचं बोलणं सरांना फार आवडलं होतं. पुढे कुणी त्यांना तुम्ही आस्तिक की नास्तिक असं छेडलं की ते तेवढंच म्हणायचे, "लुक ऑल्सो कॅन."

ही उलट्या बाजूची सवय कशी लागली ते त्यांनी मला त्याच झाडाखाली सांगितलं. एका तमिळ देवळात ते काकूंना सोडायला गेले होते. आत जायचा विचार नव्हता. पण नवा कॅमेरा गळ्यात होता, गाभाऱ्यातले दिवे सुंदर दिसत होते, म्हणून दारातून एक फोटो काढायला गेले. पहारेकरी धावत आला. "अंकल, स्वामी फोटो नो, लाह. कॅनॉट." सर म्हणाले, बरं. आणि माणूस ऑडिटर असल्यामुळे त्यांनी विचारलं, स्वामींचा नको, पण स्वामी जे बघतायत त्याचा चालेल का? पहारेकरी गोंधळला. असला नियम त्याला कुणी शिकवला नव्हता. सर वळले, गाभाऱ्याच्या दाराला पाठ लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सगळ्यांचे डोळे मिटलेले."

मला क्षणभर कळलं नाही.

"अगं, एवढी गर्दी. ढकलाढकली करून माणसं पुढे येत होती देव बघायला. आणि बरोबर समोर आल्यावर प्रत्येकजण डोळे मिटत होता. म्हणजे त्याला दिवसभर दिसतं काय? मिटलेल्या पापण्या. मी आयुष्यात इतके उघडे चेहरे पाहिले नव्हते. डोळे मिटल्यावर माणसं काही लपवत नाहीत."

त्यांनी मला तो फोटो दाखवला. मी घरात देवाला हात जोडून मोठी झालेली बाई, सणवार चुकवत नाही, पण तो फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. एक म्हातारी, एक शाळेच्या गणवेशातली मुलगी, एक सूट घातलेला माणूस, एक नवी नवरी. सगळ्यांच्या पापण्या मिटलेल्या आणि चेहऱ्यांवर दिव्यांचा उजेड. आपण ज्याच्यासमोर उभे राहतो त्याला आपण असे दिसतो हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्यानंतर मी देवळात डोळे मिटले की थोडी लाजते.

सरांच्या एकाही फोटोत देव नव्हता. देवाला दिसतं ते होतं. देवळाबाहेरचा चपलांचा ढीग. मशिदीच्या पायरीवर वजू करून ओले पाय वाळवत बसलेले दोन मित्र. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर झोपलेला, डिलिव्हरीची पिशवी मांडीवर घेतलेला पोरगा. कुसू बेटावरच्या देवीच्या उंबऱ्यावरून दिसणारा समुद्र, त्यात आपली पाळी येण्याची वाट बघत उभी असलेली जहाजं, आणि त्यांच्यावर पसरत चाललेली पहाट. त्या फोटोपुढे मी बराच वेळ थांबले होते. सर म्हणाले, "रोज हे बघायला मिळत असेल तर मीही दगड व्हायला तयार आहे."

रानातही त्यांचं तेच. इतर लोक पक्ष्यांमागे मोठ्या मोठ्या लेन्सा घेऊन धावत. सरांकडे एकच लेन्स, तीही जवळ-लांब न होणारी. जवळ जायचं तर पायांनी जा, म्हणायचे. ते एखादं जुनं झाड निवडत, त्याला पाठ लावून फोमची चटई टाकून बसत, आणि झाडाला जे दिसतं ते बघत. बघण्यात सकाळ जाई. फोटो एखादाच. बहुतेकदा तोही नाही.

आता त्यांच्या घराविषयी सांगायला हवं.

उषाकाकू आणि सर जुन्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत. हॉलच्या एका कोपऱ्यात बुटक्या चौरंगावर शिसवी देव्हारा. त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, पितळी घंटा. काकू रोज त्याच्यापुढे पाट टाकून पूजा करत. सर त्या वेळी पेपर वाचत. प्रसाद हातावर ठेवला की घेत, पण देव्हाऱ्याच्या त्या कोपऱ्याकडे कधी जात नसत. घंटा खाली पडली तरी काकू येईपर्यंत ती तिथेच. आणि जगातल्या सगळ्या देवांच्या शेजारी बसून आलेल्या या माणसानं घरच्या देवांच्या शेजारी बसून कधी फोटो काढलेला नव्हता.

मी एकदा भोळेपणानं विचारलं, "सर, घरचा नाही काढलात?" सर उठून गॅलरीत गेले आणि कपडे वाळलेत का ते बघायला लागले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

तिथे ओट्याशी, कढीलिंबाची पानं खुडता खुडता, त्यांनी मला केतकीबद्दल सांगितलं.

केतकी त्यांची एकुलती मुलगी. जन्मापासून हृदय अधू. औषधं, तपासण्या, शाळा, सगळं सांभाळत ती कॉलेजच्या वयापर्यंत आली. एका दुपारी तिला जरा थकल्यासारखं झालं म्हणून पडली होती. सर ऑफिसात होते. काकू खालच्या बाजारात भाजी आणायला गेल्या. "तिच्या खोलीचं दार उघडं ठेवून गेले होते," काकू म्हणाल्या, "वारा यावा म्हणून. मला म्हणाली, आई, कॉर्न मिळाला तर आण. मी कॉर्न घेऊन आले." त्यांनी पानं ताटलीत झटकली. केतकी झोपेतच गेली होती.

"एकटी होती गं," काकू म्हणाल्या. "तेवढंच मनातून जात नाही. जायचं ते गेली असती. पण एकटी होती."

आणि वर दुःखावर डागणी अशी, की दिवसांतच भेटायला आलेल्या एका बाईंनी देव्हाऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. देव दक्षिणेकडे तोंड करून बसवलेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मग दुसरं काय होणार? देव्हारा तिथे ठेवला होता तो काकूंनी. एका भिंतीला खिडकी, दुसरीकडे टीव्ही, तिसरीकडे दारं. मोकळा कोपरा तेवढा एकच होता. सरांनी त्या बाईंना शांतपणे दार उघडून दिलं आणि त्या बाई पुन्हा त्या घरात आल्या नाहीत. पण काकूंच्या मनात ते जाऊन बसलं. त्यांनी देव्हारा हलवायचं म्हटलं. सर आडवे आले. "जागा बदललीस तर त्या बाईचं म्हणणं खरं केल्यासारखं होईल. आहे तिथेच राहील." तसा तो राहिला. काकू रोज त्या उलट्या तोंडाच्या देवांसमोर बसत राहिल्या, आणि केतकीच्या खोलीचं दार बंद राहिलं. झाडायला काकू आत जात, आणि आतून दार लोटून घेत.

"तेव्हापासून ते देवाशी बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि तेव्हापासूनच हे फोटोंचं सुरू झालं. तूच सांग, काय म्हणायचं याला?"

मला एवढंच समजलं की त्या तमिळ देवळात सर वळले ते गंमत म्हणून वळले नव्हते.

त्यांच्या तोंडून ते मी एकदाच ऐकलं. सुंगेई बुलोहच्या खारफुटीत मला एकदा घेऊन गेले होते. ओहोटी होती. लाकडी पुलाच्या टोकाशी एका वाकड्या झाडाला पाठ लावून आम्ही बसलो. समोर नुसता चिखल. माझं तोंड बघून सर म्हणाले, "थांब जरा." मी थांबले, कारण दुसरा इलाज नव्हता. डास चावत होते आणि मी मनातल्या मनात सरांना, कॅमेऱ्याला आणि पहाटे उठवणाऱ्या गजराला नावं ठेवत होते.

मग चिखल हलायला लागला. आधी वाटलं डोळ्यांचा भास. ते इवले इवले खेकडे होते, एक नांगी मोठी असलेले, सगळे एकदम बाहेर येऊन ती नांगी वर-खाली करत होते, बोलावल्यासारखी. चिखलातून चालणारे मासे टुणटुण उड्या मारत मुळांवर चढले. आणि कधी, कुठून, कळलं नाही, पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. मुळामुळांतून चकाकत वर येत राहिलं आणि सगळा चिखल, खेकड्यांची बिळं, आमच्या पुलाखालची जमीन शांतपणे भरून गेली. एक राखी बगळा त्यात उभा होता, त्यानं पायसुद्धा हलवला नाही. इतकी वर्षं मी देवाकडे काही ना काही मागत आले. त्या सकाळी पहिल्यांदा मागायचं विसरले.

सरांनी फोटो काढला नाही. कॅमेरा मांडीवर होता.

"हे रोज होतं," ते म्हणाले. "कुणी असो नसो. मला आधी वाटायचं, कुणी बघत नसेल तर या सगळ्याला काय अर्थ? आता वाटतं, बघणारं कुणीतरी कायमचं बसलेलंच आहे. आपण अधूनमधून शेजारी जाऊन बसायचं."

"मग घरी का नाही बसत, सर?"

हा प्रश्न माझ्या तोंडून गेला आणि मी जीभ चावली. पण ते गॅलरीत निघून जाऊ शकत नव्हते, तिथे गॅलरी नव्हती.

"भीती वाटते," सर म्हणाले. "केतकी गेली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. तू बघत कुठे होतास? त्याचं उत्तर शोधायला म्हणून मी इतक्या ठिकाणी त्याच्या जागेवर जाऊन बसलो. सगळीकडे काहीतरी दिसलं. पण उत्तर तिथे नाही, घरी आहे. आणि तिथे जाऊन बसलो आणि समोर नुसती भिंत दिसली तर? तर मग माझ्याकडे काहीच उरत नाही, अनघा. हे पाणीसुद्धा नाही."



पुढे आमच्या भागातले जुने ब्लॉक पाडून तिथे नवे टॉवर बांधायचं ठरलं. सरांना सेरंगूनला नवा फ्लॅट मिळाला. काकूंची बहीण तिथेच राहत होती, त्यामुळे काकूंनी ते लगेच पसंत केलं. सामान बांधून होत आलं तसा काकूंच्या मनातला विषय बाहेर आला. जुन्या घरातून देव हलवायचे, तेही सगळ्या सामानाच्या आधी. "मला उचलता येतात, रोज मीच उचलते," त्या मला म्हणाल्या. "पण या घरातून निघताना त्यांनी उचलावेत असं वाटतं. राग धरून घर सोडू नये." सरांना सांगायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. शेवटी आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. सर 'हो'ही म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही.

सकाळी मी मदतीला गेले तेव्हा सामान नेणारे अजून यायचे होते. हॉलभर खोकी. काकूंची शेवटची पूजा चालली होती. सर आंघोळ करून, खोचलेल्या शर्टात, गळ्यात कॅमेरा आणि हातात ती फोमची चटई घेऊन उभे होते. त्यांना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ऑडिट कमिटीपुढेही नाही.

काकूंनी ताम्हणात तांदूळ पसरले आणि देव उचलायला हात पुढे केला.

"थांब," सर म्हणाले. "अजून नको."

ते केतकीच्या खोलीपाशी गेले. तेवढी एकच खोली बांधायची राहिली होती. दार उघडलं, पार भिंतीपर्यंत नेलं, आणि ते परत लागू नये म्हणून खाली स्वतःची चप्पल सारली. त्या दुपारी जसं होतं तसं. मग आले, देव्हाऱ्यापुढे चटई टाकली आणि देवांना पाठ करून खाली बसले. गुडघे कुरकुरले. ते मागे रेलले, मान तिरकी केली, डोकं बाळकृष्णाच्या उंचीला आणलं. आजवर त्या घरात त्या कोपऱ्याकडे कुणी पाठ केली नव्हती. देवाकडे पाठ करायची नाही, हे आपल्याला चालायला लागल्यापासून शिकवतात.

कॅमेरा डोळ्याला लागला. बोट बटणावर होतं. काकू ताम्हण हातात घेऊन तशाच उभ्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी कुलूप वाजलं.

बटण दाबलं गेलं नाही. सरांनी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. मग म्हणाले, "उषा, इकडे ये. इथे बस."

"देवाला पाठ करून?"

"एकदाच. बस."

काकूंनी ताम्हण माझ्या हातात दिलं. सर सरकले, आणि काकू त्यांच्या जागी, त्यांच्यासारख्याच तिरक्या होऊन बसल्या. मी उभी होते तिथून मला हॉलमधलं मोठं कपाट दिसत होतं आणि त्याच्या आडोशाला उघड्या दाराची एक कड. सोफ्यावरून बघा, जेवणाच्या टेबलावरून बघा, कपाट आड यायचंच. फक्त त्या कोपऱ्यातून, त्या बुटक्या उंचीवरून, कपाट आणि भिंत यांच्यामधून नजर सरळ आत जात होती.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

काकूंनी मान आणखी थोडी तिरकी केली.

"तिची उशी," त्या म्हणाल्या. "बाकी काहीच नाही. नुसती तिची उशी."

"हो."

"मी बाजारात होते हो."

"मी ऑफिसात होतो," सर म्हणाले. त्यांनी मागे, खांद्यावरून, अंगठ्यानं देव्हाऱ्याकडे खूण केली. झाडाखाली मला केली होती तशीच. "हे घरी होते."

काकू रडल्या. मोठ्यानं, मनापासून, इतक्या वर्षांचं. सरांनी त्यांचा हात धरला होता. "आणि मी यांची जागा हलवायला निघाले होते," काकू म्हणत होत्या, "तोंड उलटं आहे म्हणून हलवायला निघाले होते." सरांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या फोटोतल्या त्या सगळ्या माणसांसारखे. मला कुणी इथे येऊन बस म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. मी ताम्हण धरून उभी होते. उत्तर मिळालं की नाही, ते मला माहीत नाही. ज्यानं बघितलं त्यानं वाचवलं का नाही, हा प्रश्न उरतोच, आणि सरांसारख्या माणसाला तो दिसला नसेल असं होणार नाही. पण ती एकटी नव्हती, एवढं त्या दोघांना त्या सकाळी दिसलं.

मग सर उठले. देव्हाऱ्याकडे वळले आणि एकेक देव उचलून तांदळांवर ठेवायला लागले. आधी बाळकृष्ण. हात लावण्यापूर्वी त्यांनी तळवे शर्टाला पुसले.

"नमस्कार तरी करा," काकू नाक पुसत म्हणाल्या.

"हात रिकामे आहेत का माझे?" सर म्हणाले. आणि काकू त्या तसल्या रडण्यात हसल्या.

लिफ्टमध्ये मी हळूच विचारलं, "सर, फोटो काढलात?"

"नाही."

"का?"

"बघून झालं," ते म्हणाले.

खाली टॅक्सी उभी होती. चालक म्हातारा चिनी अंकल होता. ताम्हणातले देव बघून त्यानं रेडिओ बंद केला. "शिफ्टिंग हाउस, आह? ओके, ओके. आय ड्राइव्ह स्लो-स्लो."

काकू मागे बसल्या. सर पुढे बसले, मांडीवर ताम्हण. मी दार लावायला वाकले तर ते ताम्हणात काहीतरी करत होते. ठेवताना देवांची तोंडं त्यांच्याकडे झाली होती. ते एकेकाला अलगद धरून फिरवत होते, काचेकडे तोंड करून बसवत होते. अन्नपूर्णा लहान, तिला काठावरून दिसेना, म्हणून तिच्याखाली मूठभर तांदूळ जास्त सारले.

गाडी खरंच सावकाश निघाली. कारपार्कच्या वळणावर झाडाखाली आंटी खराटा घेऊन उभी होती. तिनं टॅक्सीत बघितलं, मग थोडं वाकून ताम्हणात बघितलं, आणि हात हलवला. सरांचे दोन्ही हात ताम्हणाला होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मग टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागली. त्या सकाळी सर मला शेवटचे दिसले ते असे, मागून, कापडी टोपी घातलेले. देवांच्या मागे बसून, देव बघत होते तिकडेच बघत.